मिरी खाणारा पक्षी

फ्रान्सच्या गादीवर नववा चार्ल्स राज्य करीत होता त्या काळातील, म्हणजे १५६० ते १५७४ या वर्षांमधील, ही हकीकत आहे. प्रोव्हान्स प्रांतातील एका सरदाराने राजाला नजर करावा म्हणून दूरदेशीचा एक पक्षी मोठ्या हौसेने आणविला. परंतु वाटेतच तो मेला. तरीसुद्धा तो मेलेला पक्षी राजापुढे ठेवण्यात आला, कारण त्याची चोच देहाच्या मानाने इतकी प्रचंड होती की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. राजाने तो आपला शस्त्रवैद्य आंब्रोआज पारे याच्या स्वाधीन केला आणि त्याची चिरफाड करून पाहण्याची व शव टिकवून ठेवण्याची आज्ञा दिली. शव फार दिवस टिकले नाही. पारे याने मात्र अद्भुत आणि विद्रूप प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात या पक्ष्याची नोंद करून ठेवली. आणि युरोपातील कस्तूर व साळुंक्या जशा आयव्हीच्या वेलीवरील फळे खातात, तसा हा पक्षी मिरी खाऊन जगतो, असे त्यात लिहिले.

हा पक्षी म्हणजे दक्षिण अमेरिकेतील टूकन. तो मिरी खातो हा शोध पारे याला चिरफाडीत लागलेला नव्हता. ती माहिती त्याने आंद्रे थेवे या फ्रेंच धर्मोपदेशकाकडून उसनी घेतली होती. थेवे १५५५ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर, आज जेथे रिओ द जानेरो शहर वसले आहे त्या उपसागरात, फ्रेंचांच्या नव्या वसाहतीत उतरला. तेथे तो जेमतेम दहा आठवडे राहिला, आणि त्यांपैकी बराच काळ आजारीच होता. परतल्यावर १५५७ साली त्याने प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. त्यात टूकनचे चित्र होते आणि त्याच्या मिरीभक्षणाची कथाही होती. वस्तुतः काळी मिरी ही मलबारची. पोर्तुगीजांची गलबते ती लिस्बनला नेत असत आणि तिच्या व्यापारावर साम्राज्ये उभी राहत होती. ब्राझीलच्या अरण्यात ती उगवतही नव्हती. तेव्हा थेवेची मिरी म्हणजे तिकडचे एखादे तिखट रानफळ असावे. परंतु ज्या युरोपला मसाल्यांवाचून दुसरे काही सुचत नव्हते, त्या युरोपला मिरी खाणारा पक्षी तत्काळ पटला. पुढे दोनशे वर्षांनी, १७५८ साली, लिनीअसने प्राणिमात्रांची शास्त्रीय नामावली रचली, तेव्हा टूकनच्या एका जातीला त्याने मिरीभक्षक या अर्थाचेच लॅटिन नाव दिले. गियानाच्या रानातील एक छोटा टूकन आजही शास्त्रीय ग्रंथांत त्याच नावाने वावरतो.

एका चुकीच्या समजुतीला इतके दीर्घायुष्य लाभावे, याचे कारण त्या काळच्या ज्ञानसंपादनाच्या पद्धतीत सापडते. टूकनविषयी लिहिणारे लोक मुळापासून दोन प्रकारचे होते. काहींनी पक्षी पाहिला होता, आणि बहुतेकांनी केवळ चोच पाहिली होती. पहिल्या वर्गातील सर्वांत जुना साक्षीदार म्हणजे गोंझालो फेर्नांदेस दे ओविएदो हा स्पॅनिश अंमलदार. त्याने आजच्या पनामाच्या भागात नोकरी केली होती, आणि १५२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या छोट्या ग्रंथात त्याने या पक्ष्याविषयी एक सरळ गोष्ट सांगितली: हा झाडाच्या ढोलीत घरटे करतो, आणि माकडे जवळ आली की आतून चोच बाहेर काढून त्यांना हुसकावतो. दुसऱ्या वर्गातला प्येर बेलों हा फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ. १५५५ साली त्याने पक्ष्यांवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात टूकनच्या चोचीचे चित्र दिले. पक्षी कसा असतो हे त्याला ठाऊक नव्हते. नाविकांनी आणलेल्या अशा चोची श्रीमंतांच्या संग्रहात शंखशिंपल्यांशेजारी मांडल्या जात. चोचीवरून पक्ष्याची कल्पना करावयाची आणि कल्पनेवरून त्याचा आहार ठरवावयाचा, असा हा उलटा प्रवास होता.

टूकनच्या कुळात चाळीसहून अधिक जाती आहेत आणि त्या मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिनाच्या उत्तरेपर्यंत आढळतात. भारतात हा पक्षी नाही. कोकणातील व सह्याद्रीतील धनेशाचे चित्र आणि टूकनचे चित्र शेजारी ठेवले, तर दोघे एकाच घराण्यातील वाटतात. पण ते तसे नाहीत. दोघांनाही उंच झाडांवरील फळे खुडावयाची असल्यामुळे निसर्गाने दोन खंडांत दोन वेगळ्या घराण्यांना सारखेच अवजार दिले, एवढाच त्या साम्याचा अर्थ. टूकनचे खरे नाते आहे ते सुतार पक्ष्याशी, आणि त्याहूनही जवळचे तांबट पक्ष्याशी. उन्हाळ्याच्या दुपारी वडापिंपळावर बसून तांब्याच्या भांड्यावर घण घालावा तसा एकसुरी टुक टुक आवाज करणारा हिरवा, चिमुकला तांबट हा अॅमेझॉनच्या टूकनचा लांबचा भाऊबंद होय. पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे, झाडाच्या ढोलीत घरटे, पांढरी शुभ्र अंडी आणि फळांची आवड, ही घराण्याची लक्षणे दोघांतही दिसतात.

या कुळातील सर्वांत मोठा तो टोको टूकन. त्याचा देह काळा, गळा पांढरा, आणि नारिंगी चोचीच्या टोकाशी काळा ठिपका. त्याच्या एकंदर लांबीपैकी सुमारे तिसरा हिस्सा चोचीचा असतो. पण वजनात तिचा वाटा विसावा हिस्सा इतकाच. बाहेरून नखांसारख्या द्रव्याचे पातळ पापुद्रे एकावर एक बसविलेले आणि आत फेसासारखी सच्छिद्र अस्थिरचना, यामुळे ती दिसते अवजड आणि असते हलकी. तिच्यात जीभ असते ती लांब, अरुंद आणि कडांना पिसासारखी झालर असलेली. या जिभेने घास मागे सरकविता येत नाही. म्हणून टूकन फळ चोचीच्या टोकाने खुडतो, मान झटक्याने वर करतो, फळ हवेत उडवितो आणि घशात झेलतो. चोच लांब असण्याचा हा तोटा आहे, आणि अठराव्या शतकातील पंडितांचे लक्ष नेमके त्या तोट्याकडेच गेले.

बुफाँ हा फ्रान्सचा थोर निसर्गलेखक. परंतु त्याच्या मते ही चोच म्हणजे निरुपयोगी, ओझ्यासारखी विकृती होती. १८२६ साली सिडनी स्मिथ या इंग्रज धर्मोपदेशकाने चार्ल्स वॉटर्टन याच्या दक्षिण अमेरिकेतील प्रवासवर्णनाचे परीक्षण लिहिताना, अशा पक्ष्याचे सृष्टीत प्रयोजन तरी काय, अशी मनमुराद थट्टा केली. वॉटर्टनने स्वतः मात्र एक महत्त्वाची गोष्ट नोंदविली होती. पक्षी मेल्यावर त्याच्या चोचीचे झळाळते रंग थोड्याच दिवसांत मावळतात. म्हणजे युरोपातील संग्रहांत जी चोच पाहून पंडित मते बनवीत होते, तिच्यात जिवंतपणीचा रंगसुद्धा उरलेला नव्हता.

त्याच सुमारास लंडनमध्ये आहाराच्या प्रश्नाला अकस्मात निराळे वळण लागले. विल्यम ब्रॉडरिप हा कायदेपंडित निसर्गाचाही अभ्यासक होता. शहरात प्रदर्शनासाठी ठेवलेला एक जिवंत टूकन त्याने पाहिला. पिंजऱ्यात एक लहानसा जिवंत पक्षी सोडताच टूकनने तो पकडला, मारला आणि मोठ्या चवीने गिळला. ब्रॉडरिपने हे सारे १८२५ च्या सुमारास प्रसिद्ध केले. मिरी खाणारा साधुवृत्तीचा पक्षी आता एकाएकी मांसाहारी ठरला. पुढे जॉन गूल्ड याने १८३३ ते १८३५ या काळात टूकन कुळावर रंगीत चित्रांचा भव्य ग्रंथ काढला, आणि रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याला चोचीच्या रचनेचे विवेचन जोडले. गूल्डने टूकनचे रान कधीच पाहिले नव्हते.

ते रान पाहिले हेन्री वॉल्टर बेट्स याने. मोजे विणण्याच्या व्यापारातल्या घरातला हा तरुण १८४८ साली अॅमेझॉनच्या खोऱ्यात गेला आणि अकरा वर्षे तेथे राहिला. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात टूकनची चोच प्रथमच तिच्या जागी, म्हणजे झाडावर, पाहावयास मिळते. बेट्सचे निरीक्षण साधे आहे. अरण्यातील मोठ्या झाडांची फळे डहाळ्यांच्या शेवटच्या टोकांना लागतात. त्या डहाळ्या टूकनसारख्या जड पक्ष्याचा भार सोसू शकत नाहीत. तेव्हा जाड फांदीवर बसून दूरचे फळ गाठावयाचे, तर हात लांब असावा लागतो. टूकनचा हात म्हणजे त्याची चोच. तिने तो मासे पकडतो, ही कल्पना बेट्सने निकालात काढली. त्याचे मुख्य अन्न फळे हेच होय, असे त्याने निःशंकपणे सांगितले.

चोचीवर पुढेही बरेच लिहिले गेले. १८७१ साली डार्विनने, तिचे रंगीत पट्टे जोडीदाराला आकर्षून घेण्यासाठी असावेत, असे सुचविले. २००९ साली ब्राझील व कॅनडातील शास्त्रज्ञांनी उष्णतेचे चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याने टोको टूकनची पाहणी केली, तेव्हा असे दिसले की हवा तापली म्हणजे हा पक्षी चोचीतील रक्तप्रवाह वाढवून शरीरातील उष्णता बाहेर टाकतो, आणि थंडी पडली म्हणजे तो प्रवाह आवरून धरतो. झोपताना तो चोच पाठीवर ठेवून पिसांत खुपसतो आणि शेपटी वर दुमडून घेतो. मग ढोलीत केवळ पिसांचा एक चेंडू उरतो. येणेप्रमाणे एकाच चोचीचे अनेक उपयोग सिद्ध झाले.

आता आहाराकडे वळले पाहिजे, कारण खरा गंभीर प्रश्न तेथेच आहे. बेट्सने अॅमेझॉनकाठच्या एगा गावी रानात सापडलेला, उपाशी अवस्थेतील एक टूकन पाळला होता. तो जेवणाच्या वेळा ओळखीत असे आणि मांस, कासव, मासे, कसाव्याचे पीठ, फळे, जे पुढे येईल ते खात असे. अशा वर्णनांवरून, या पक्ष्याला काहीही चालते, असा ग्रह होणे साहजिक होते. पण एखादा प्राणी काय खाऊ शकतो आणि काय खाऊन जगू शकतो, या दोन गोष्टी भिन्न आहेत. विसाव्या शतकात प्राणिसंग्रहालयांतील टूकन वरून धडधाकट दिसत असतानाच अचानक मरू लागले. शवपरीक्षेत त्यांच्या यकृतात लोहाचा साठा आढळला. रानातील ज्या फळांवर हा पक्षी जगतो त्यांत लोह अत्यल्प असते. म्हणून मिळेल तेवढे लोह शोषून घेण्याची सवय त्याच्या शरीराला जडलेली आहे. पिंजऱ्यात त्याला कुत्र्यांसाठी बनविलेले लोहयुक्त खाद्य मिळाले, आणि तेच त्याला विषासमान झाले. आता जाणते पालक त्याला लोह कमी असलेले अन्न देतात आणि संत्री-लिंबांसारखी आंबट फळेही टाळतात, कारण त्यांच्या रसाने लोहाचे शोषण वाढते. माणसासारखी बोलणारी डोंगरी मैनाही पिंजऱ्यात याच रोगाला बळी पडते.

रानातील टूकन प्रामुख्याने फळे खातो: उंबरवर्गातील फळे, ताडांची फळे, मोठ्या वृक्षांची गरदार फळे. त्यांच्या जोडीला किडे, सरडे, इतर पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले. विशेषतः घरट्यात पिल्ले असताना हा दुसरा आहार वाढतो. ब्रॉडरिपने पाहिले ते खोटे नव्हते. ते अपुरे होते. पण फळ गिळल्यावर बियेचे काय होते, हा प्रश्न विसाव्या शतकापर्यंत कोणी फारसा विचारलाच नव्हता.

त्याचे उत्तर पुन्हा पनामातूनच आले. पनामा कालव्यासाठी नदी अडविल्यावर एका टेकडीभोवती पाणी चढले आणि बारो कोलोरादो नावाचे बेट तयार झाले. तेथे १९२० नंतर संशोधनकेंद्र निघाले, आणि व्हॅन टाइन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाने तेथील टूकनचे जीवनवृत्त १९२९ साली प्रसिद्ध केले. या बेटावर विरोला नावाचा वृक्ष आहे. तो जायफळाच्याच कुळातला. त्याचे फळ उकलले की आत जायपत्रीसारख्याच लाल जाळीने वेढलेले बी दिसते. टूकन ते बी जाळीसह गिळतो, जाळी पोटात ठेवतो आणि साधारण अर्ध्या तासाच्या आत स्वच्छ झालेले बी घशावाटे बाहेर टाकतो. तेवढ्या वेळात तो दुसऱ्या झाडावर गेलेला असतो. हेन्री हौ व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली याचा हिशेब मांडला. झाडाखालीच पडलेल्या बियांना सोंडकिडे पोखरून टाकतात. मूळ वृक्षापासून ४५ मीटरांवर पडलेल्या बीला १२ आठवडे जगण्याची जी संधी मिळते, ती ५ मीटरांवर पडलेल्या बीच्या ४४ पट असते. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पनामातीलच एका पाहणीत टूकनच्या पाठीवर हलकी यंत्रे बांधून त्यांचा माग काढण्यात आला, तेव्हा ते ही बीजे सरासरी १४४ मीटर दूर नेतात असे आढळले. मिरीखाऊ म्हणून प्रसिद्धी पावलेला हा पक्षी प्रत्यक्षात जायफळाच्या भाऊबंदांची लावणी करीत होता.

ही लावणी थांबली म्हणजे काय होते, तेही आता दिसून आले आहे. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरील अरण्यात झुसारा नावाचा ताड आहे. त्याच्या शेंड्याचा कोवळा गाभा खाण्यासाठी काढतात, आणि तो काढला की झाड मरते. त्याची मोठी बीजे टूकनसारखे मोठ्या तोंडाचे पक्षीच गिळू शकतात. कस्तूरासारख्या लहान पक्ष्यांना १२ मिलिमीटरांहून मोठे बी गिळता येत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मावरो गालेत्ती व सहकाऱ्यांच्या अभ्यासात ताडाच्या २२ ठिकाणच्या बीजांची तुलना करण्यात आली. जेथे जंगलतोड व शिकार यांमुळे मोठे पक्षी नाहीसे झाले होते, तेथे मोठी बीजेही नाहीशी झाली होती. शंभर वर्षांच्या आतच ताडाचे बी लहान झाले. लहान बीत ओलावा आणि अन्नाचा साठा कमी, म्हणून कोरड्या वर्षी तगण्याची शक्तीही कमी. पक्षी गेला आणि त्याच्यामागे झाडाचा वंश दुबळा झाला.

तथापि टूकनला केवळ उपकारकर्ता ठरवून मोकळे होणे म्हणजे जुन्याच चुकीची नवी आवृत्ती काढणे होय. पांतानालच्या पाणथळ प्रदेशात जगातील सर्वांत लांब पोपट, निळा मकाव, राहतो. तो तेथे बहुतेक सर्व घरटी मांदुवी नावाच्या एकाच जातीच्या वृक्षाच्या ढोल्यांत करतो. टोको टूकन त्याची अंडी पळवितो; नासधूस झालेल्या अंड्यांपैकी निम्म्याहून अधिक त्याच्याच नावावर जमा आहेत. तेव्हा मकाव वाचविण्यासाठी टूकनला हाकलावे, असे कोणालाही वाटेल. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, मांदुवीच्या बीजांचा प्रसार पाचांतील चार हिश्शांहून अधिक टोको टूकनच करतो. तो गेला तर मांदुवी जाईल, आणि मांदुवी गेली तर मकावला घर उरणार नाही. आज अंडी चोरणारा पक्षीच उद्याच्या घरट्यांची झाडे लावीत असतो.

माणसाने या पक्ष्याकडे पाहिले ते बहुधा रंगासाठी. ब्राझीलमधील तुपिनांबा लोक त्याच्या छातीची पिवळी पिसे गालांवर चिकटवून सजत, असे जाँ द लेरी या फ्रेंच प्रवाशाने १५७८ साली लिहिले आहे. पुढे ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो याच्या राजवस्त्रावरही टूकनच्या गळ्याच्या पिसांचे नारिंगी-पिवळे आच्छादन आले. याच सम्राटाच्या कारकीर्दीत कॉफीच्या मळ्यांनी रिओभोवतीच्या तिजूका डोंगराची झाडी नष्ट केली आणि शहराचे पाणी आटू लागले. तेव्हा १८६१ साली सरकारने तेथे पुन्हा वृक्ष लावण्याचा हुकूम काढला, आणि मेजर आर्चर याच्या देखरेखीखाली गुलामांच्या कष्टांनी पुढील काळात हजारो रोपे लागली. अरण्य पुन्हा उभे राहिले, पण त्यात टूकन नव्हता. अखेर १९७० च्या सुमारास त्याची एक जात तेथे मुद्दाम आणून सोडण्यात आली. ती तेथे रुळली, आणि माणसाने लावलेल्या झाडांची बीजे पुढे नेण्याचे काम तिने आपल्या अंगावर घेतले.

पारेच्या हाती आलेल्या त्या पक्ष्याने वाटेत काय खाल्ले असेल, हे कळण्यास आता मार्ग नाही. राजाला हवी होती ती चोच. पक्ष्याला हवे होते ते रान. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, एवढे कळावयास युरोपला तीनशे वर्षांहून अधिक काळ लागला. लिनीअसने दिलेले मिरीभक्षकाचे नाव शास्त्राच्या नियमाप्रमाणे बदलता येत नाही, म्हणून ते तसेच राहील. आणि त्या नावाची काडीमात्र खबर नसलेला तो पक्षी गियानाच्या झाडांवर एखादे फळ हवेत उडवून झेलीत असेल, आणि त्यातले बी कोठेतरी दूर टाकून देत असेल.